ओढ्याशी थांबलेली गोष्ट

प्रिय धाकट्या,

पत्र बघून तू म्हणशील, हिला काय झालं, हातात फोन आहे की. आहे ना. पण फोनवर तू 'मीटिंगमध्ये आहे ताई, मग करतो' म्हणतोस आणि तो 'मग' काही उजाडत नाही. शिवाय बोलायला लागले की माझा आवाज चढतो, माझा चढला की तू समजूतदार होतोस, आणि तुझा तो समजूतदारपणा माझ्याने ऐकवत नाही. म्हणून लिहिते. दुपारची सुट्टी आहे. हॉस्पिटलच्या चादरी वाळून आल्यात, इस्त्रीचं यंत्र जरा गार होतंय, तेवढ्यात टेबलाचा एक कोपरा मोकळा करून बसले आहे. काही गोष्टी तुला माहीत आहेत, तरी त्या पहिल्यापासून लिहिणार आहे. कंटाळू नकोस.

तर पहिली गोष्ट डोंगराची. जमीन आयोगाने ओढ्याच्या अलीकडचं सगळं रान आपल्या लोकांचं म्हणून नकाशात रंगवलं आणि पलीकडचा डोंगर कोरा सोडला. कोरा म्हणजे कोणाचाच नाही, आणि कोणाचाच नाही तो खाणवाल्यांचा. सुरुंगाची भोकं पाडून झाली आहेत. लंगडे काका रोज वर जाऊन मोजून येतात, काल एकतीस झाली होती. झरा त्याच डोंगरात आहे. बाबा तिथेच आहेत आणि आता आईही तिथेच आहे. बाबा गेले तेव्हा वसतिगृहाने तुला सोडलं नाही, आई गेली तेव्हा तू कुठल्याशा परिषदेत होतास आणि विमान मिळालं नाही. ओढा ओलांडून तू कधी गेलाच नाहीस. तुला त्या जागा माहीत नाहीत याचा दोष मी देत नाही, आधी एवढं लिहून ठेवते.

आपण कबरीवर दगड ठेवत नाही, नाव कोरत नाही. हद्दीला खांब रोवत नाही की कुंपण घालत नाही. काय कुठे आहे ते सगळं गोष्टीत आहे. हरवलेली शेळी शोधत निघालेल्या बाईची गोष्ट. ती कुठे बसली, कुठे पाणी प्याली, कुठे तिला काटा लागला, असे एकामागून एक चौदा मुक्काम. त्या क्रमाने चाललं की आपली सगळी जमीन पायाखालून जाते. ऐकायला कंटाळवाणी आहे, मान्य. पण ती करमणुकीसाठी नव्हतीच कधी, तो आपला सातबारा होता.

आणि ती एकटीने सांगायची नसते, हेही तुला माहीत असायला हवं होतं. घरातलंच कोणीतरी समोर बसून हुंकार देतं. मुक्काम आला की सांगणारी थांबते, समोरून 'हूं' आलं की पुढे जाते. चुकली तर हुंकार देणारा गप्प राहतो, मग ती मागे जाऊन नीट सांगते. ओढ्याशी मात्र गप्प राहण्याचा अर्थ वेगळा. ओढा सहावा मुक्काम. तिथे 'हूं' आलं नाही तर समजायचं, ऐकणाऱ्यांत परकं माणूस आहे. मग शेळी तिथेच पाणी पिताना सापडते, बाई तिला घेऊन घरी येते आणि गोष्ट संपते. ही पाहुण्यांची गोष्ट. पूर्वी कधी कोणी पाहुणा सगळी गोष्ट ऐकून गेला आणि महिन्याभरात माणसं घेऊन थेट झऱ्यावर आला, तेव्हापासून ही रीत आहे म्हणतात. घरच्या गोष्टीत शेळी ओढ्याशी सापडतच नाही. बाई पाण्यात उतरते, पलीकडे चढते, आणि पुढचे आठ मुक्काम डोंगरात आहेत.

तुला हे ठाऊक नाही, कारण ओढा यायच्या आत तू घोरायला लागायचास. चौथ्या मुक्कामाला मान टाकायचास, पाचव्याला माझ्या मांडीवर लाळ. आई म्हणायची, राहू दे, अजून लहान आहे, पुढच्या वर्षी ऐकेल. पुढच्या वर्षी तुला गाडीत बसवून वसतिगृहात नेलं. हुशार तू, म्हणून तुला नेलं. मी थोरली, घरात हवी, म्हणून मी राहिले. वसतिगृहात आपल्या बोलीत बोललं की हातावर पट्टी बसायची, हे तू हजार लोकांसमोर सांगतोस आणि लोक डोळे पुसतात. मीही ऐकलंय ते एकदा, मागच्या रांगेत बसून. खरं आहे ते सगळं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मग तू शिकून मोठा झालास आणि आपल्या लोकांसाठी भांडायला लागलास. तुझं श्रेय मी नाकारत नाही. कागद नसलेल्या लोकांची गोष्ट हाच त्यांचा कागद मानावा, यासाठी तीन वर्षं तू आयोगाच्या पायऱ्या झिजवल्यास आणि जिंकलास. नुसत्या भाषणाने भागणार नाही, दाखवायला काहीतरी हवं, म्हणून कॅमेरा घेऊन आलास. सोबत चार माणसं. आईने दोन दिवस आधीपासून घर सारवलं, माझी नवी शाल स्वतः पांघरली आणि वर मलाच विचारलं, बरी दिसते ना गं.

त्या दिवशी काय झालं ते नीट लिहिते. आई भिंतीला टेकून बसली. मी समोर, नेहमीच्या जागी. पहिला मुक्काम झाला, मी हूं म्हटलं. दुसरा झाला, हूं. तुझ्या आवाजवाल्याने कानावरचं यंत्र काढलं आणि तुला बाजूला घेतलं. मध्ये मध्ये कोणीतरी हूं हूं करतंय म्हणे, आवाज खराब होतोय. तू माझ्याकडे वाकलास आणि हळू आवाजात, अगदी गोड बोलून मला सांगितलंस की ताई, पाच मिनिटं गप्प बस ना प्लीज. आईला म्हणालास, तू सांग, थांबू नकोस. आईने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मुलगा शिकलेला आहे, त्याला काहीतरी ठाऊक असेल.

तिसरा, चौथा, पाचवा मुक्काम ती हुंकाराशिवाय, अडखळत बोलली. ओढ्याशी आली आणि थांबली. तुझ्या माहितीपटात ते थांबणं आहे, तू ते कापलं नाहीस. आई कॅमेऱ्याच्या डावीकडे बघते आहे, ओठ जरासे उघडे, आणि काहीच बोलत नाही. त्यावर कोणा विद्वानाने लिहिलं की या शांततेत एका समाजाचं शेकडो वर्षांचं मौन दाटून आलंय. तू तो कागद मला पाठवला होतास. हसावं की रडावं कळेना. अरे शहाण्या, ती माझी वाट बघत होती. एका 'हूं'ची. तो आला नाही, मग तिने शेळी सापडवली आणि पदर सावरून उठली.

बक्षीस मिळाल्यावर तू शाळेच्या खोलीत पडदा लावून ते सगळ्यांना दाखवलंस. आई पहिल्या रांगेत, तू तिच्याशेजारी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तू तिच्या पाया पडलास. घरी येताना ती मला म्हणाली, याला कळलं नाही का गं, ही पाहुण्यांची आहे ते? मी म्हटलं, कळलं असेल. ती म्हणाली, मग त्यालाच पाहुणा व्हायचं असेल. त्यानंतर तू आलास की ती तुला चांगल्या ताटात वाढायची, आठवतं? तुला वाटायचं लाड करते आहे.

आता गेल्या महिन्याची आयोगापुढची सुनावणी. तू परदेशी होतास, वकीलबाईंनी मलाच उभं केलं. कामावर अर्धी रजा टाकून गेले, हाताला खळीचा वास तसाच होता. खोलीत पंखा, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. परक्यांसमोर कधी सांगायची नाही ती गोष्ट मी परक्यांसमोर सांगितली, चौदाच्या चौदा मुक्काम, झरा कुठे, कोण कुठे पुरलंय, सगळं. एक मुलगी ते भराभर टाइप करत होती. बाबा आता त्यांच्या फाइलीत पान बावीसवर आहेत. समोर हुंकार द्यायला कोणी नव्हतं. प्रत्येक मुक्कामाला मी सवयीने थांबायची आणि अध्यक्ष म्हणायचे, पुढे बोला.

माझं झाल्यावर खाणवाल्यांचा वकील उठला. फार सभ्य माणूस, आधी मला पाणी दिलं. मग भिंतीवर तुझा माहितीपट लावला. आई बोलली, ओढ्याशी आली, शेळी सापडली, संपलं. मग त्याने विचारलं की प्रत्यक्ष आईने जे सांगितलं नाही ते मुलीला खाण आल्यावरच कसं आठवलं. गोष्ट हाच पुरावा मानायचा हा नियम तुझाच, आणि पुराव्याची गोष्टही तुझीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कोणाला? टेबलापलीकडचे आयोगाचे दोघे सदस्य एकमेकांकडे बघून हसले. उघड नाही, शिकलेल्या माणसांसारखे. अध्यक्षांनी एवढंच केलं की नवा पुरावा असल्यास एक तारीख देतो म्हणाले.

इथवर वाचून तुला वाटलं असेल, ताई सगळं माझ्या माथी मारणार. नाही रे. आता माझं ऐक. तू मला पाच मिनिटं गप्प बस म्हणालास. पण ओढ्याशी आई थांबली तेव्हा एक हूं म्हणायला मला कोणी हात धरून अडवलं नव्हतं. आवाजवाल्याने तो एक आवाज पुसून टाकला असता. मला नियम ठाऊक होता, आई कशासाठी थांबली तेही ठाऊक होतं. मी तिच्या डोळ्यांत बघत मुद्दाम गप्प बसले. माझ्या मनात होतं, घे, पाहुणा होऊन आलास ना, मग पाहुण्यांची घे. तू गाडीत बसून गेलास त्या दिवसापासूनचं साचलेलं होतं ते. संध्याकाळी जेवताना सांगेन, तुझी चांगली फजिती करेन, असं ठरवलं होतं. तुम्ही चारलाच निघून गेलात, पुढच्या गावचं चित्रण होतं. मग महिना गेला, मग बक्षीस आलं, मग आयोगाने तुझ्या माहितीपटावरून नकाशा काढला. दर वेळी सांगायचं आणखी अवघड होत गेलं. वर आई गेली. आज डोंगरात जी एकतीस भोकं आहेत ती तुझ्या नि माझ्या दोघांच्या गप्प बसवण्या-बसण्यातून पडली आहेत. मला याची रोज लाज वाटते. झोप येत नाही असं लिहिणार नाही, दिवसभर चादरी दाबल्यावर झोप येते.

वकीलबाई म्हणाल्या, प्रतिज्ञापत्र करू, मी लिहून देते, तुम्ही सही करा. मी म्हटलं, त्यांची भाषा घातली की ते पुन्हा रचलेलं वाटेल. त्यापेक्षा मी माझ्या भावाला पत्र लिहिते, जसं घडलं तसं. तेच हे. तुला पोस्टाने मिळेल तेव्हा याची एक प्रत आयोगाच्या कार्यालयात दाखल झालेली असेल, आणि येत्या मंगळवारी अकरा वाजता ते भर खोलीत वाचलं जाईल. खाणवाले असतील, वर्तमानपत्रवाले असतील, तुझ्या संस्थेची माणसंही असतील. माझी अब्रू मी आधीच टेबलावर ठेवली आहे. वाचून झालं की तुला शपथेवर एकच विचारतील, हिला तुम्ही गप्प बसवलं होतं का. हो म्हणालास तर ज्यांचा आवाज दाबला त्यांच्यासाठी बोलणारा माणूस म्हणून तुला पुन्हा कोणी व्यासपीठावर बोलावणार नाही. नाही म्हणालास तर मी खोटी ठरेन, आणि बुधवारी सकाळी सुरुंग भरतील. तुला आधी फोन करून विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू मला समजावलं असतंस.

तुझीच, आवडो न आवडो,
ताई