ओट्याएवढी खिडकी

धुळे,
ता. ११ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. कमलअक्कास,
अभिमनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आमचा नवल म्हणतो, पोस्टमनला कामाला लावणारे तुम्ही दोघं भाऊबहीणच उरलात. आता मुलाला काय सांगायचं? तुला फोनवरचं ऐकू येत नाही आणि मला अमळनेरपर्यंत येववत नाही, तेव्हा पत्राशिवाय आपल्याला आहे काय.

एक बातमी आहे, हसू नकोस. माझे गुडघे तुला ठाऊकच आहेत. दहा पावलं चालणं म्हणजे शिक्षा, पण आपल्या ओट्यावरून एकदा सायकलवर बसलो की पाय बिनतक्रार फिरतात. अडचण उतरण्याची. ओटा नसेल तिथं उतरलो तर पुन्हा बसता येत नाही. म्हणून रोज निघतो, फिरतो आणि कुठंही न उतरता घरी येतो. दुकानं सगळी पायऱ्यांवर. लागेल ते ज्योती आणून देते, सून गुणाची आहे, पण दोन वर्षांत मी स्वतःच्या हातानं काही विकत घेतलं नव्हतं.

आता हायवेच्या सर्व्हिस रोडला बर्गरचं हॉटेल झालंय. त्याच्या बाजूला एक खिडकी आहे. मोटारवाले गाडीत बसूनच सांगतात, बसूनच घेतात आणि पुढं निघतात. ती खिडकी, अक्का, बरोबर आपल्या ओट्याच्या उंचीची आहे. गेल्या गुरुवारी मी त्या वाटेनं सायकल घातली आणि खिडकीचा कट्टा धरून सीटवर तसाच बसून राहिलो. आत कोण असावं? माझी सायकल दुरुस्तीला ज्यांच्या हाताखालून जाते त्या इसाकभाईंची मुलगी अफिफा. म्हणाली, काका, सायकलवाल्यांना इथं द्यायचं नाही असा नियम आहे, पण मागं गाडी नाही, पटकन सांगा. मी कॉफी आणि बटाट्याच्या टिक्कीचा पाव सांगितला. चवीला आपल्या भरिताची सर नाही, पण मी स्वतः सांगितलं आणि स्वतः घेतलं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

नवल म्हणतो, ती वाट मोटारींची, मागून कुणी ठोकलं म्हणजे? त्याचंही चूक नाही. पण चारच्या सुमारास तिथं चिटपाखरू नसतं. आता दर गुरुवारी जायचं ठरवलंय. सोबत त्यांची कागदी पिशवी घडी करून पाठवतो, चित्रं बघ.

सगळं बरं आहे असं आई पत्राच्या शेवटी लिहायला सांगायची, तेच तिच्या शब्दांत लिहितो, बठ्ठं बरं शे. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
अभिमन

---

अमळनेर,
ता. २६ नोव्हेंबर २०२४

चि. अभिमन यास,
अक्काचे अ. उ. आ.

पत्र वाचून इतका आनंद झाला की शेजारच्या बेबाबाईंना बोलावून वाचून दाखवलं. त्या काहीतरी म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही, पण हसत होत्या. म्हातारपणी तुला बर्गरचा नाद लागला, आता मिशा काळ्या करायच्या तेवढ्या राहिल्या.

नियमाचं मात्र मला पटलं नाही. भूक काय चाकं मोजून लागते? चार चाकांवरच्या धडधाकट माणसाला जागेवर द्यायचं आणि ज्याला खरंच उतरता येत नाही त्याला पायऱ्या चढ म्हणायचं, हे कुठलं शहाणपण. ती पोर नियमापेक्षा शहाणी निघाली.

माझी सवय तुला माहीत आहे. चांगल्याला चांगलं म्हणावं आणि ते लेखी म्हणावं. एसटीचे कंडक्टर जीवराम मला हाताला धरून उतरवायचे, तेव्हा मी डेपोला लिहिलं होतं आणि त्यांचा हारतुरे घालून सत्कार झाला होता. तुझ्या पिशवीवर कंपनीच्या पुण्याच्या कचेरीचा पत्ता छापलेला आहे. त्यावर कालच दोन पानं पाठवली. अफिफाचं नाव, वार, वेळ, नियम असूनही तिनं दाखवलेली माणुसकी, सगळं सविस्तर लिहिलं. असं पत्र वाचून नियमच बदलतील, बघशील.

थंडीत कानटोपी घालून जात जा. तिलाही माझे आशीर्वाद सांग आणि लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
कमलअक्का

---

धुळे,
ता. १७ डिसेंबर २०२४

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. यंदा धुळ्यात थंडी फार आहे, त्यामुळं हल्ली सायकल काढत नाही. ज्योतीनं कळण्याच्या भाकरी केल्या होत्या, तुझी आठवण निघाली. तू प्रकृतीला जप आणि लिहिण्याचे कष्ट फार घेऊ नकोस, डोळ्यांना ताण पडतो.

बाकी बठ्ठं बरं शे. लोभ असू दे.

तुझा,
अभिमन

---

अमळनेर,
ता. ३ जानेवारी २०२५

चि. अभिमन यास,
अ. उ. आ.

तुझ्या चार ओळींनी माझं पोट भरलं नाही. पांझरेच्या पाण्यात पौषात डुंबणारा तू, तुला आता थंडी वाजायला लागली?

इकडे मात्र आनंद आहे. कंपनीचं उत्तर आलं, छापील, खाली सहीसुद्धा. आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत, आपल्या पत्राची योग्य ती दखल घेतली आहे, असं लिहिलंय. बरोबर दोन माणसांच्या फुकट खाण्याची कुपनं आहेत, ती सोबत पाठवते. अफिफाला बढती मिळाली का, ते विचारून कळव. गुरुवार चुकवू नकोस. पाय वापरात राहिले तर राहतील.

पत्राची वाट पाहायला लावू नकोस, एवढीच मागणी.

तुझी,
कमलअक्का

---

धुळे,
ता. २० जानेवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुला हे कधीच कळवायचं नव्हतं. पण तू बढतीचं विचारलंस, आता गप्प राहणं म्हणजे तुला फसवणं होईल.

अफिफाला काढलं. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी मी गेलो तेव्हा खिडकीत दुसरा माणूस होता. वाटेच्या तोंडाशी नवी पाटी होती, येथे फक्त मोटारींना सेवा मिळेल. त्यानं नम्रपणेच सांगितलं, की पुण्याहून पत्राची प्रत आली, त्यात वार, वेळ, नाव सगळं होतं, त्यामुळं इथल्या मॅनेजरला काही करता आलं नाही. मी कट्टा सोडला आणि परत फिरलो.

अक्का, पिशवी मीच पाठवली होती. एकटीनं स्वतःला बोल लावून घेऊ नकोस.

इसाकभाईंकडे माफी मागायला गेलो. त्यांनी नेहमीसारखी हवा भरली, साखळीला तेल दिलं, हँडल पुसलं. मी फारच गळ घातली तेव्हा एवढंच म्हणाले, की कॉलेजची फी ती त्याच पगारातून भरत होती, आता दुसरीकडे विचारायला गेलं की आधीचं काम का सुटलं म्हणतात. त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यानंतर इसाकभाईंच्या दुकानाकडे सायकल वळवायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या कुणाकडून हवा भरून घेणं मनाला येत नाही. सायकल ओट्याला टेकून आहे, दोन्ही चाकं बसलीत.

मी उदास दिसतो म्हणून नवल परवा मोटारीत घालून मला तिथंच घेऊन गेला. मागच्या सीटवरून मी काच खाली केली. त्याच माणसानं हसून कॉफी दिली. माणूस मीच होतो, गुडघेही हेच होते. कॉफी तशीच घरी आणली आणि ओतून दिली.

कुपनं परत पाठवतो. मागच्या पत्रात बठ्ठं बरं शे लिहिलं ते खोटं होतं. माफ कर आणि माया कमी करू नकोस.

तुझा,
अभिमन

---

अमळनेर,
ता. २१ फेब्रुवारी २०२५

चि. अभिमन यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून माझं कशात लक्ष नाही. बेबाबाईंनी वरण आणून दिलं, तेही तसंच राहिलं.

त्याच दुपारी मी कंपनीला दुसरं पत्र लिहिलं. छत्तीस वर्षं वर्गात मुलांना सांगितलं की खरं तेच लिहा. आता लिहिलं की मी भ्रमिष्ट म्हातारी आहे, आधीचं सगळं मनानं रचलं. माझा भाऊ सायकलवर बसतच नाही, तो पायऱ्या चढून समोरच्या दारानं आत गेला होता, आणि त्या मुलीनं एका सायकलवाल्याला नियमाप्रमाणं परत पाठवलेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलं. अक्षर मुद्दाम वाकडं काढलं. खाली सही केली.

काल उत्तर आलं. आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत, आपल्या पत्राची योग्य ती दखल घेतली आहे. शब्द न् शब्द तोच, फक्त तारीख वेगळी. बरोबर दोन माणसांची कुपनं. माझं पहिलं पत्र तरी कुणी वाचलं असेल, कारण त्यात कुणाला तरी शिक्षा करता येत होती.

इसाकभाईंना लिहायला तीनदा बसले. माझं अक्षर त्या घरात जाऊ नये असं वाटलं, म्हणून कागद फाडले.

तू सायकलीत हवा भरून घे, असं लिहिणार होते. कुणाकडून, ते सुचलं नाही.

एक मात्र ऐक. यापुढं तुझ्याशी कुणी चांगलं वागलं, तर ते मला कळवू नकोस.

तुझी,
कमलअक्का