अर्धापूरच्या ताईंचा नंबर

सर, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, तरी कोड लिहिताना माझं डावं बोट अजून आपोआप स्क्रीनकडे जातं. नांदेडच्या तुमच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर दोन, आम्ही मुली चौदा, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून तुम्ही वेबपानाचा अख्खा कोड आधी चौकटीच्या वहीत लिहायला लावायचात. कोडमधला टॅग उघडला तिथं डावं बोट, तोच बंद झाला तिथं उजवं. एकदा मी वही न काढता थेट मशीनवर लिहिलं. एक टॅग बंद करायचा राहिला होता, पण पान नीट दिसत होतं. तरी तुम्ही माझी खुर्ची मागे ओढलीत. "दिसतंय की, सर!" "दिसणारच. मशीन माफ करते, बेटा. तिला नको विचारू, कागदाला विचार." मी रडले होते. पुढे घरातली पहिली पदवी माझी आली, तेव्हा पेढा द्यायला तुम्ही नव्हता.

आता मी लातूरला आहे. ऑफिसात तयार साचे आहेत. नाव बदला, फोटो बदला, दुपारपर्यंत वेबसाइट तयार. अर्धापूरच्या केळीचे वेफर्स करणाऱ्या बायकांच्या गटाचं काम आलं, तेव्हा मी हट्ट धरला की हे पान ओळ न् ओळ हातानं लिहीन. त्यांच्या बोलण्यातलेच शब्द, साध्या फोनवरही पटकन उघडेल असं हलकं. "स्वेटर विणायलात का मॅडम?" मालक हसले. मग हसू आवरून म्हणाले, "पंधरा दिवस देतो. जमलं नाही तर साचा टाकायचा, आणि हा विषय परत काढायचा नाही."

काल त्या बायका आल्या. एकीच्या जुन्या फोनवर पान चटकन उघडलं. "अगं बया, ही तर आपलीच कढई!" मालकही पुढे वाकले. गटाच्या प्रमुख ताई स्वतःचा फोन हातात धरून, वाजायची वाट बघत बसलेल्या. जुन्या फोनवाल्या बाईनं पानावरचं 'फोन करा' बटण दाबलं. ताईंचा फोन वाजला नाही. पलीकडून कुणी पुरुष विचारत होता, "कोन पाहिजे?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. एक आकडा चुकला होता. शेवटच्या संध्याकाळी नंबर मी घाईत टाकला होता, वहीत न उतरवता. पंधरा दिवसांचं काम एका आकड्यावर जाणार असं वाटलं आणि मी बोलून गेले, "ताई, तुम्हीच असा लिहून दिला होता."

ताई ओशाळल्या. "माझंच चुकलं आसंल, माय. आमाला कुठं धड लिहिता येतंय?" त्यांनी मालकांचीही माफी मागितली. मी बसल्या जागी आकडा बदलला. जाताना मालक म्हणाले, "मानलं. पुढचं कामबी असंच करा."

ताईंनी नंबर लिहून दिलेली चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, सर. दहाही आकडे बरोबर, गोल, सावकाश लिहिलेले. तुम्हाला हे सांगणं सोपं आहे, कारण हे पत्र कुठं जाणार नाही. पानावर ताईंचा नंबर आता बरोबर आहे. आज तीनदा पान उघडलं, पण तो दाबला नाही.