पुढच्या खोलीतली माझी भिंत

१३ एप्रिल
पहिली आली शेजारची आशाबाई. आमच्या घरात काय चालू हाय हे तिला आमच्या आधी कळतं. मागून तिची जाऊ, मग दूधवाला. सगळे माझी भिंत बघायला. नवं घर स्लॅबचं, पण माझ्या लेकानं, बालाजीनं, पुढच्या खोलीची एक भिंत मला दिली. सुनेच्या, पुनमच्या मोबाईलवर बघितलं, शहरात बंगल्यातबी मुद्दाम मातीच्या भिंती करून घेतेत. मंजे मी बराबर. पांढरी माती, शेण, गव्हाचा भुसा, सगळं हातानं लिंपलं. हातकामाला जीव असतो, पुट्टीला काय असतं. माझी बोटं उमटलीत. आशाबाई म्हणे, बोटंच दिसून राहिली, भिंत कुठं हाय. जळते.
येत्या रविवारी पुनमचे माय-बाप येऊन राहिले, बाळापूरहून. त्यांना पसंत पडली तर भिंत राहील, न्हाई तर टाईल, असं बालाजी म्हणे. मंजे राहिलीच.

१४ एप्रिल
उद्या लवकर उठून भिंतीवर वेलबुट्टी काढायची. आज कंबर धरली.
मिस्त्री सिमेंटच्या भिंतींना पाणी मारतो, माझ्या भिंतीला न्हाई. काहून विचारलं तर म्हणे, मातीला मारत न्हाईत आजी. दुजाभाव. मीच पाईप घेतला.

१६ एप्रिल
खालून जरा घसरली. पुनम म्हणे, आत्याबाई, पाणी नका मारू. आजकालच्या सुनांना मातीतलं काय कळतं. परत थापली, परत पाणी मारलं. वेलबुट्टी उद्या.

१८ एप्रिल
भिंत हिरवी दिसून राहिली. चष्मा पुसला. गहू उगवला. भुशात दाणे राहिले, मळणीवाल्याची चूक. बालाजी म्हणे, माय, युरिया आणू का. वेलबुट्टीची तकलीफ मात्र वाचली.

१९ एप्रिल, रविवार
सोयरे आले. विहीणबाईनं भिंत बघितली, बाहेर जाऊन पाय धुतले, हात जोडले. म्हणे, उन्हाळ्यात घट कसे बसवले. मी म्हणलं, नवस होता. सगळं जमून आलं होतं. पुढच्या खोलीतच ताटं वाढली, तेवढ्यात आशाबाईची शेळी आत शिरली अन् गव्हाला लागली. तिनं ओढलं तसं अर्धी भिंत विहीणबाईच्या ताटात.
व्याही हरिचंदराव म्हणे, घर झकास, एवढी एक भिंत नीट करा. बालाजीनं हात धुवायच्या आत टाईलवाल्याला फोन लावला.
बसवू दे. टाईलबी माणूस हातानंच बसवतो, मंजे हातकामच. मी जवळ बसून सांगीन त्याला.
जाताना विहीणबाई पुनमच्या कानात म्हणे, टाईल पक्की होईस्तोवर सासूला पाईप देऊ नको. मला ऐकू येतं. परत येतो म्हणाले, गुरुवारी, तीस तारखेला.