माझ्या बिछान्याकडची माती

निकोल्स्की, ता. २ जून

चि. लुशास अनेक आशीर्वाद.

धुक्यामुळे बेटावर टपालाचं विमान उतरेना, म्हणून उत्तराला उशीर. टेकडीखालचं जुनं गाव तुम्ही उत्खननवाल्यांनी खणून नेलंत, आता आपल्या मासेमारीच्या तळावरच्या मातीच्या घराच्या जमिनीची मातीही हवी म्हणतेस. हजारो वर्षांमागे घरात कोण कुठे बसून काय करायचं ते ओळखायला म्हणे माहितीतल्या घराची माती शेजारी ठेवून बघायची. मी आताच सांगते. दाराशी उजेडात आई आणि तू गवताची टोपली विणायचात. चुलीपाशी मी मासे चिरायची. मागच्या कोपऱ्यात माझा बिछाना, तिथे खोकत पडायची.

आईची अर्धी विणून राहिलेली टोपली मी मुद्दामच पाठवलेली नाही. शेवटी तिला उठवलं-बसवलं मी, न्हाऊ घातलं मी, आणि जाताना म्हणाली, लुशाला दे, ती पुरी करील. मला राग आहे, लपवत नाही. माती पाठवते. टोपलीचं बघू.

जो काही लोभ उरला असेल तो राहू दे.
तुझी, आन्फिसा

अँकरेज, ता. २८ जून

ती. आन्फिसाताईस सा. न. वि. वि.

मातीचे डबे सुखरूप पोचले. सोबतची चिठ्ठी वाचून मात्र कपाळावर हात मारला. परक्यांकडे जायची माती, म्हणून तू आधी झाडून घेतलंस, ताजं गवत अंथरलंस, मग जमिनीत डबे ठोकून माती काढलीस. अगं, आम्हाला घाणच हवी होती. आमचे साहेब डोकं धरून बसले आणि मग हसायला लागले, कारण जुन्या गावातल्या घरातही हेच निघालंय. काजळी, सीलची चरबी, त्यावर स्वच्छ गवत, पुन्हा चरबी, पुन्हा गवत. तुझ्यासारखीच कुणी खमकी बाई नांदली असणार तिथे. काळजी नको, खालचे थर शाबूत आहेत. मातीत राळ मुरवून तिचे कागदासारखे पातळ काप काढू आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघू.

टोपली पाठव गं. तू कधी विणायला बसलीच नाहीस. हातांना माशाचा वास, गवत बिघडेल, असं तूच म्हणायचीस.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.
तुझी, लुशा

निकोल्स्की, ता. १९ जुलै

चि. लुशास आशीर्वाद.

मी बसले नाही, की मला कुणी बसवलं नाही? मासे चिरले नसते तर हिवाळ्यात काय गवत खाल्लं असतंत? आईला तुझ्या नखांचं कौतुक, कसं बारीक गवत चिरते म्हणून, आणि मला हात धुवायला ओढ्यावर पिटाळायचं. परवा चर्चमधून निघताना बायकांनी विचारलं ते तुझंच. मी इथे समोर उभी, मला कुणी कशी आहेस म्हणून विचारलं नाही.

टोपली माझ्या उशाशी आहे. तिथेच राहील.

आन्फिसा

अँकरेज, ता. ६ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

साहेबांना सांगायच्या आधी तुला लिहिते आहे. चुलीपाशी माशांचे काटे, खवले, चरबी. तुझी जागा बरोबर. दाराशी नखाने चिरलेल्या गवताचे धागे मिळाले, पण अगदी थोडे. खरा खच निघाला तो तुझ्या बिछान्याच्या कडेला. थरावर थर, आणि त्यांत दिव्याची काजळी. ते काम एका उन्हाळ्याचं नाही.

दाराशी आई मला शिकवायची, एवढंच. मला झोप लागली की दिवा घेऊन ती तुझ्या खोकल्यापाशी जाऊन विणत बसत असणार. आणि मी जन्मभर समजत होते, आई माझी. ते काप बघताना मी अक्षरशः जळले, ताई. तुला वाटायचं तसंच वाटलं.

टोपली तूच ठेव. मी पुन्हा मागणार नाही.

पूर्वीसारखीच रागावत राहा.
तुझी, लुशा

निकोल्स्की, ता. १ नोव्हेंबर

चि. लुशास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मला आई बसलेली आठवत नाही. गवताचा वास आठवतो, तो मला अंथरुणाचा वाटायचा. आपल्याला कुणी विचारत नाही असं म्हणत मी तिच्या शेजारीच झोपत होते, आणि हे मला तुझ्या मातीने सांगावं.

टोपली ठेवून काय करू? मला विणता येत नाही. पाठवणारही नाही. पुढच्या उन्हाळ्यात गवत कापायच्या वेळी ये आणि मला शिकव. हात घासून ठेवीन. बसायचं मात्र दाराशी नाही, माझ्या कोपऱ्यात.

येशील तेव्हा भांडू, तोवर लोभ धरून ठेव.
तुझी, आन्फिसाताई

ता. क. त्या कोपऱ्यात मी आता केरसुणी लावत नाही.