पहिल्या नंबरास मनाई मिळणेबाबत

प्रति,
मे. तहसीलदार साहेब,
तालुका कचेरी, जि. सोलापूर

अर्जदार : सिदू भीमा सरगर, मूळ राहणार मौजे तरटेवाडी, हल्ली मुक्काम सोलापूर, धंदा गिरणी कामगार

विषय : मौजे तरटेवाडी येथील बिरोबाच्या माघी यात्रेत रविवार, दि. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी होणाऱ्या बैलगाडी शर्यतीत आमच्या जोडीस पहिला नंबर देण्यास मनाई होणेबाबत.

संदर्भ : सदर शर्यतीस परवानगी देणारा आपल्या कचेरीचा हुकूम. (चावडीच्या दारावर खळीने चिकटवलेली प्रत एका शेळीने खाल्ल्यामुळे हुकुमाचा नंबर लिहिता येत नाही. शेळी आमची नव्हती.)

महोदय,

बक्षीस मिळावे, मिळालेले वाढवून मिळावे किंवा दुसऱ्याला मिळालेले रद्द व्हावे, असे अर्ज आपल्याकडे येत असतील. आम्हाला ते मिळू नये, असा हा अर्ज आहे. अर्जदार शुद्धीवर आहे, दारू पीत नाही आणि अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहिला आहे, हे प्रथम नमूद करतो.

१. आपण या तालुक्यात नवीन आहात, म्हणून शर्यतीची माहिती देतो. गावाच्या माळावर एका वेळी दोन छकड्या, म्हणजे हलक्या दोन चाकी गाड्या, सरळ रेषेत सोडतात. माळाच्या टोकाच्या बाभळीपासून बिरोबाच्या देवळापर्यंत. पानाला चुना लावून ते तोंडात टाकेपर्यंत निकाल लागतो. हरलेली गाडी बाहेर, जिंकलेली पुढच्या फेरीला, आणि शेवटी जी उरेल तिला पहिला नंबर. गेली तीन वर्षे आमची गाडी उरत आहे.

२. आमची गाडी म्हणजे तीन माणसे. माझे दाजी मायाप्पा लवटे गाडी हाकतात. माझी थोरली बहीण केराबाई, म्हणजे त्यांची बायको, बैलांचे खाणेपिणे आणि घरची शेरडे बघते. मी सोलापुरात गिरणीत आहे, पगारातून बैलांच्या पेंडीपुरते पाठवतो. बैल खिलार, घरच्या गाईचे. एकाचे नाव भिंगऱ्या. दुसरा वासरू असल्यापासून हंबरलेला कोणी ऐकला नाही, म्हणून त्याला मुका म्हणतात. बाकीच्या गाड्यांच्या मागे कोणी ना कोणी उभा असतो. कोणाच्या मागे साखर कारखान्याचे संचालक, कोणाच्या मागे दारूच्या दुकानाचे ठेकेदार, कोणाच्या मागे ट्रॅक्टरवाले. त्यांची नावे छकडीच्या फळीवर ऑइलपेंटने लिहिलेली असतात, बैलांना खायला खारीक-खोबरे मिळते आणि गाडी ट्रकमधून येते. आमची फळी कोरी आहे. तिच्यावर केराबाईने भंडाऱ्याची पाच बोटे उठवली आहेत, तेवढीच.

३. आता बक्षिसाबाबत. पहिल्या नंबरास एक नारळ, एक फेटा, एक ढाल आणि रोख एकावन्न रुपये. माझ्या वडिलांच्या वेळेपासून यात एका पैशाची वाढ नाही, याबद्दलही माझी तक्रार नाही. परंतु यात्रा कमिटी बक्षिसासाठी जागची उठतसुद्धा नाही, हे आपल्या निदर्शनास आणू इच्छितो. नारळ देवापुढे आलेल्या ढिगातला असतो. ढाल कोठून तरी जुनी आणलेली असून तिच्यावर दुसऱ्याच गावचे नाव कोरलेले आहे आणि खाली 'कबड्डी' असे लिहिले आहे. गेल्या वर्षीचा फेटा मायाप्पांच्या डोक्याला दीड वेढा बसला. उरलेले डोके उघडे ठेवून त्यांना मिरवणुकीत बसावे लागले. ते मानी गृहस्थ आहेत. घरी आल्यावर तो फेटा त्यांनी म्हशीच्या पाठीवर टाकला.

४. एवढेच असते तर अर्ज केला नसता. खरे दुखणे बक्षिसापाशी नाही, बक्षिसानंतरच्या जेवणापाशी आहे. आमच्याकडे जिंकणाऱ्याने त्याच संध्याकाळी हरलेल्या सर्व गाड्यांच्या माणसांना आणि ढोल-हलगीवाल्यांना मटणाचे जेवण घालायचे, अशी रीत आहे. त्यास गुलालाचे जेवण म्हणतात. जुन्या लोकांनी ती चांगल्या हेतूने पाडली. हरलेला माणूस जिंकणाऱ्याच्या पंक्तीला जेवला म्हणजे मनात काही धरून घरी जात नाही, आणि खरोखरच आमच्या यात्रेत आजवर एक डोके फुटलेले नाही. पण त्या वेळी आसपासच्या वाड्यांच्या चार-पाच गाड्या असत. आता जत, मंगळवेढा, आटपाडी, इकडे थेट जेऊरकडूनही गाड्या येतात आणि एकेका गाडीमागे ट्रकभर माणूस येतो. त्यांतील निम्म्यांनी बैलाला हातही लावलेला नसतो. कारखान्याचे संचालक जिंकले तर हे जेवण कारखान्याच्या नावावर होते. आम्ही जिंकलो तर ते केराबाईच्या शेरडांवर होते.

५. पहिल्या वर्षी तिने हौसेने दोन बोकड दिले. दुसऱ्या वर्षी बोकड पुरले नाहीत, पाटी, म्हणजे तरण्या शेळ्या, गेल्या. गेल्या वर्षी गाभण शेळीला हात लावण्याची वेळ आली, तेव्हा केराबाई आत जाऊन बसली आणि पंक्ती उठेपर्यंत बाहेर आली नाही. साहेब, दावणीला जेवढी शेरडे होती, त्यांतली आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. बाकीची आमच्या विजयात गेली. त्या पंक्तीला आपल्या आधीचे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून होते. गरिबाची जोडीसुद्धा जिद्दीवर पुढे येऊ शकते, असे ते भाषणात म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

६. मग धावता कशाला, असे आपण विचाराल. गेल्या वर्षीच्या विजेत्याने ढाल आपल्याच गाडीतून मैदानात आणायची आणि पळायचे, असा कमिटीचा नियम आहे. न आल्यास तेच जेवण दंड म्हणून घालावे लागते, आणि नारळही मिळत नाही.

७. मग हरा, असे आपण म्हणाल. त्यासाठी आम्ही केलेले प्रयत्न खालीलप्रमाणे आहेत.

मागील वर्षी शेवटच्या फेरीस मायाप्पांनी कासरा आपल्या अंगावर ओढून धरला. बैल थांबले नाहीत, मायाप्पांच्या डाव्या तळहाताची आणि अंगठ्याची कातडी कासऱ्याबरोबर गेली. त्याच्या आदल्या फेरीपूर्वी बैलांना मुद्दाम हिरवा मका आणि पोटभर पाणी दिले होते. लोक हसत होते. बैलांचे पोट डेऱ्यासारखे हलत होते, तरी ते पुढे होते. त्याआधी उजवीकडचा बैल डावीकडे जुंपून पाहिला. त्यामुळे अंतर थोडे कमी झाले, नंबर तोच राहिला. मायाप्पा त्यांना कधी चाबूक लावत नाहीत, त्यामुळे चाबूक बंद करण्याचाही उपाय उरला नव्हता.

८. यात चूक आमची आहे. हे बैल वासरे असताना आम्ही त्यांना शर्यतीसाठी असे शिकवलेच नाही. दिवसभर ते शेरडांमागे माळावर असत. दिवस कलला की केराबाई घराच्या दारात पेंडीची पाटी घेऊन उभी राहायची आणि एक लांब हाक मारायची. दोन्ही वासरे बाभळीपासून सुटायची, ती पाटीत तोंड घालेपर्यंत थांबायची नाहीत. आणि आमचे घर देवळाच्या बरोबर मागे आहे. आता माझ्या म्हणण्याचा आशय आपल्या ध्यानी आला असेल. बाकीच्या गाड्यांचे बैल शर्यत पळतात. आमचे बैल घरी जातात. शर्यत पळणाऱ्याला अडवता येते, घरी निघालेल्याला कसे अडवणार, हे मला समजत नाही.

९. यावर केराबाईने शर्यतीच्या दिवशी घरी थांबू नये, असे मी सुचवले. गेल्या वर्षी ती सकाळीच सांगोल्याच्या बाजाराला गेली. रोजची हाक आली नाही म्हणून बैल जास्तच घाबरे होऊन पळाले. शर्यत देवळाकडून बाभळीकडे घ्यावी, अशी विनंती मी कमिटीचे अध्यक्ष रेवणसिद्ध अण्णा यांना समक्ष भेटून केली. ते म्हणाले, "देवाला पाठ दावून पळायचं व्हय रं? आन तू लेका जिंकतूस की! जिंकून वर रडतूस?" मी नमस्कार करून परत आलो.

१०. आता ज्यामुळे हा अर्ज तातडीचा झाला, ते लिहितो. सोलापूरचे ट्रॅक्टरच्या सामानाचे व्यापारी श्री. चनमल्लप्पा दिवाळीनंतर स्वतः जीप घेऊन आमच्या घरी आले. माणूस वाईट नाही. खाली घोंगड्यावर बसले, ताक प्याले. आमच्या गाडीला पाठबळ देतो म्हणाले. जेवण दरसाल त्यांच्याकडून, फळीवर नाव त्यांच्या दुकानाचे. आम्ही तिघेही मनातून हरखलो. कोऱ्या फळीचे ओझे किती होते, ते तेव्हा कळले. नंतर त्यांनी सांगितले की, बैल सोलापुरात त्यांच्या वखारीच्या आवारात राहतील. त्यानंतर आणखी असे सांगितले की, त्यांच्याकडे एक चांगला बैल आहेच, तेव्हा दोन्ही नकोत, फक्त मुका हवा. केराबाई म्हणाली, "नाव रंगवा की मालक, लई मोटं रंगवा. पर बैल हितंच ऱ्हाऊ द्या." त्यावर ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "आक्का, बैल जितं आसतंय, नाव बी तितंच पळतंय की." मला वाईट वाटले, परंतु ते खोटे बोलले नाहीत.

११. त्या दिवशी आम्ही नाही म्हणालो. त्यांनी विषय सोडलेला नाही. यंदाच्या शर्यतीनंतर सोमवारी जीप पुन्हा येणार आहे. आता हिशेब साधा आहे. रविवारी पहिला नंबर आला तर संध्याकाळी एवढ्या माणसांना पुरतील इतकी शेरडे दावणीला उरलेली नाहीत. माझी रजा बिनपगारी आहे. गिरणीतल्या सोबत्यांकडे मागून झाले. तेव्हा जेवण चनमल्लप्पांच्या माणसांकडूनच होईल आणि सोमवारी मुका जीपमागच्या ट्रॉलीत चढेल. मायाप्पा सहसा बोलत नाहीत. परवा बैलांपुढे वैरण टाकताना एवढेच म्हणाले, "मुका गेल्यावर भिंगऱ्या पानी प्याया हिरीपतूरबी यायचा न्हाय." नंतर बराच वेळ ते मुक्याची पाठ चोळत बसले. आम्ही हरलो तर मात्र दुसऱ्याच्या पंक्तीला बसून जेवू, ढाल ज्याची त्याला जाईल आणि आमची दोन्ही जनावरे आमच्या दावणीला राहतील. एवढीच आमची मागणी आहे. एखाद्या माणसाने सरकारकडे याहून कमी मागितले असेल, असे मला वाटत नाही.

१२. सबब मेहेरबान साहेबांनी परवानगीच्या हुकुमात पुढीलपैकी एक शर्त घालावी. गुलालाचे जेवण यात्रा कमिटीने घालावे. ते कमिटीस मंजूर नसल्यास शर्यत बाभळीकडे तोंड करून घ्यावी. देवाची समजूत मी स्वतः घालीन. तेही शक्य नसल्यास आमची जोडी पहिली आली तरी ती दुसरी आली, असा हुकूम आपल्या सहीने व्हावा. दुसऱ्याला फक्त नारळ मिळतो, जेवण पडत नाही. आणि यातले काहीच कायद्यात बसत नसेल, तर रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोन्ही बैल आपल्या कोंडवाड्यात जमा करून घ्यावेत. सरकारने अडवलेल्या गाडीला कमिटी दंड लावू शकणार नाही, आणि चाऱ्याचा खर्च मी देईन. बैल गुन्हेगार नाहीत, पण एक दिवस तसे समजण्यास आमची हरकत नाही.

१३. हा अर्ज काल मी दोघांना वाचून दाखवला. मायाप्पांनी सगळा ऐकला आणि अंगठा पुढे केला. केराबाईने अंगठा दिला नाही. शेरडे तिची, अर्ज तिच्यासाठी, म्हणून मी पुन्हा विचारले. ती म्हणाली, "हराया पायजे म्हणून सरकारला कागूद? ती बिचारी मला बघून पळत्यात, आन मी त्यांस्नी माघारी वडू? म्या न्हाय अंगठा देनार, सिदू." मी म्हणालो, आक्का, मग मुका जाईल. तिने मान हलवली. तिला हे माहीत आहे. माझ्याहून आधीपासून माहीत आहे. नंतर उठून तिने उरलेल्या शेरडांतली रविवारच्या जेवणासाठीची बाजूला बांधली आणि पेंड भिजत घातली. या वर्षी ती बाजाराला जाणार नाही. दारात उभी राहून हाक मारणार आहे.

तरी आपला हुकूम शनिवार, दि. १० रोजी सायंकाळपर्यंत मिळावा. न मिळाल्यास आमचा काही इलाज चालणार नाही. आम्ही पहिले येऊ.

आपला आज्ञाधारक व निरुपाय झालेला,

सही
(सिदू भीमा सरगर)
मुक्काम तरटेवाडी, दि. ३ फेब्रुवारी १९७९

मायाप्पा लवटे यांचा अंगठा : उजव्या हाताचा. (डाव्या अंगठ्याची कातडी कासऱ्याबरोबर गेल्यापासून त्याचा ठसा उमटत नाही.)

केराबाई मायाप्पा लवटे यांचा अंगठा : जागा कोरी सोडली आहे.