मौनात करपलेले तेल

वयाने धाकटे परंतु विद्येने वडील असे आमचे वैद्यराज मेहुणे यांस नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही. त्यांतील जे तुमच्या प्रकृतीस मानवेल ते स्वीकारावे. भगवत्कृपेने येथे सर्व कुशल आहे. तुमचा गुडघा कसा आहे? (जगाचे गुडघे बरे करणाऱ्याचाच गुडघा दुखावा, यातील ईश्वरी योजना मला अद्याप उलगडलेली नाही.)

सुखाची वार्ता आधी सांगतो. तुमच्या भगिनीने काल डोक्यावरचा रुमाल घडी करून कपाटात ठेवला आणि ती उघड्या डोक्याने गाण्याचा वर्ग घ्यायला गेली. त्या दीर्घ तापानंतर तिचे केस मूठमूठ गळू लागले, मनगटाएवढी वेणी करंगळीएवढी झाली, हे तुम्ही पाहिलेच होते. वर्गातल्या मुलींना मात्र तिने घसा बसल्याचा निरोप धाडून वर्ग बंद ठेवला. तोवर मी निश्चिंत होतो. कारण घसा बसलेली ही बाई स्वयंपाकघरात उत्तम गात असे. पुढे तेही गाणे थांबले, तेव्हा मात्र मी वैद्यकाचे ग्रंथ खाली काढले.

तुम्ही पाठविलेली तेलाची बाटली मी सन्मानपूर्वक फडताळात ठेवली. जन्मभर संस्कृत वाचलेल्या माणसाने सिद्ध तेल बाटलीतून घ्यावे, हे मला प्रशस्त वाटेना. (हा अहंकार होय, हे मी जाणतो, परंतु त्या वेळी तो मला स्वाध्याय वाटला.) तिळाचे तेल, माक्याचा रस, आवळा आणि दूध अशी सामग्री जमवून एके सकाळी मी पातेले मंद आचेवर चढविले आणि समोरच्याच खोलीत पाठाला बसलो. तेल फेसाळले की सिद्ध झाले, असे शास्त्र आहे. तोवर अध्याय पुरा होईल, असा माझा हिशेब होता.

पाठ चालू असता मी लौकिक शब्द उच्चारत नाही आणि आसनही सोडत नाही, हे तुम्हांस ठाऊक आहे. अध्याय अर्ध्यावर असतानाच फेस वर आला. मी सुनेकडे पाहून तळहात खाली दाबून दाखविला. आच कमी कर, इतकाच त्याचा अर्थ. सून म्हणाली, “आई, बाबा बसायला सांगताहेत.” आणि दोघी हात जोडून माझ्यासमोर बसल्या! मी पुन्हा हात हलविला, तशा त्या आणखी पुढे सरकल्या. मग मी स्वर चढविला, डोळे मोठे केले, आणि धुरामुळे ते पाणावलेही. तेव्हा तुमच्या भगिनी सुनेला हळूच म्हणाल्या, “आज अगदी तल्लीन झालेत गं!”

इतक्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर धावत आले. “अहो, काय जळतंय?” त्यांनी दारातून विचारले. “हळू बोला ना, पाठ चाललाय,” असे त्यांना उत्तर मिळाले. त्या भल्या गृहस्थांनी थेट आत जाऊन गॅस बंद केला. कोणास इजा झाली नाही, ही प्रभूची कृपा. पातेल्यात जे उरले होते, त्याने फार तर दार रंगविता आले असते.

दुसऱ्या खेपेचे तेल सुनेने करावे आणि मी चुलीपासून दूर राहावे, असा ठराव माझ्या अनुपस्थितीत संमत झाला. मग मी आहाराकडे वळलो. खारट, आंबट, तिखट सर्व वर्ज्य. दूध, मूग, आवळा, काळे तीळ व मनुका विहित. सहानुभूती म्हणून सर्व घराने हेच खावे, असे मी सुचविले. चिरंजीव कचेरीतून येताना जिन्यातच ओठ पुसू लागले. तुमच्या भगिनी एका दुपारी लोणच्याच्या बरणीसह सापडल्या आणि उलट मलाच म्हणाल्या, “अहो, केस गेलेत माझे, जीभ नाही गेलेली!”

तेल मात्र तिने मुकाट्याने लावून घेतले. रोज सायंकाळी ती पुढ्यात बसे आणि मी बोटांच्या अग्रांनी ते मुरवीत असे. हळूहळू ती बोलू लागली. (तुम्ही लहानपणी गुळाचे खडे औषध म्हणून विकत होता, हे मला त्यातूनच कळले.) मग एके दिवशी फणी जवळजवळ मोकळीच निघाली, आणि काही काळाने कपाळाच्या कडेला कोवळी लव उभी राहिलेली दिसली. तिने मला आरसा धरायला लावला आणि ती लव बोटाने पुनःपुन्हा चाचपली. काल वर्गातून परतली ती गुणगुणतच. सिद्ध तेलाचे यश मी नम्रपणे ईश्वरचरणी अर्पण केले आहे.

तुमचा,
मेहुणा

ता. क. सुनेने हे पत्र वाचून आताच सांगितले की, दुसऱ्या खेपेचे तेलही करपले होते. फडताळातील तुमची बाटली तिने रोज थोडीथोडी करून माझ्या वाटीत रिती केली होती. तेव्हा वरील यशाचा पत्ता बदलून घ्यावा.

पुन्हा ता. क. या पत्राचे खरे कारण लिहायचे राहिले. तुमच्या भगिनी म्हणतात, “आता पुरे झालं, माझं मी लावीन.” काल सायंकाळी मी वाटी घेऊन बसलो होतो, ती आलीच नाही. तरी वैद्य या नात्याने तिला चार ओळी लिहाव्यात: तेल अजून पुष्कळ काळ लावावे लागेल, आणि ते दुसऱ्याच्या हातानेच मुरते. शास्त्रात असे कोठेही नाही, हे मी स्वतः तपासले आहे. तरीही लिहावे.