भुशाचा सातपुडा

पिंप्राळा, जळगाव
बुधवार, १९ मे १९९३

प्रिय कुंदा,

आपल्या घराचं पुढचं दार, त्याची चौकट, तुझ्या आईचा देव्हारा, तुझा पाळणा, त्याच पाळण्याच्या फळ्यांतून पुढे तुझं अभ्यासाचं स्टूल, वर्तमानपत्रांच्या लगद्यात मेथीची पूड कालवून केलेला पृथ्वीगोल, आणि मोठ्या प्लायवर उभं केलेलं मुलताईपासून सुरतेपर्यंतचं तापीचं अख्खं खोरं. एवढं मी माझ्या हाताने केलं. कोणी शिकवलं नाही. गोलाचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे, कोनमापक लावून बघा, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलो. आज हे मिरवायला लिहीत नाही. काल धुळ्याहून तुझं पत्र आलं तेव्हापासून मी या एकेका वस्तूकडे संशयाने बघतो आहे.

रविवारी शिक्षिकेच्या नोकरीच्या परीक्षेला बसत नाही, शनिवारच्या गाडीने घरी येते, असं तू लिहिलंस. कारणही लिहिलंस, ते बरं केलंस. क्लासमध्ये सरांनी विचारलं, सातपुड्यातला अस्तंबा उंच की सह्याद्रीतला साल्हेर. तू पटकन अस्तंबा म्हणालीस. कशावरून, म्हणून विचारलं तर म्हणालीस, हात लावून पाहिलाय. सगळा क्लास हसला. कोणीतरी म्हणालं, हिचा हात भारी लांब आहे बुवा. त्या दिवसापासून पुस्तक उघडलं की अक्षरं पळतात, पाठ झालेलं पुसलं जातं. आणि मग ते वाक्य: ‘नानांनी शिकवलेलं किती खरं आणि किती खोटं, हे आता मला कळेनासं झालंय.’ 

वर्कशॉप बंद केलं आणि खोरं भिंतीवरून उतरवून मोजायला घेतलं. पाचशे फुटांना एक सूत, इंचाचा आठवा भाग, हे माझं प्रमाण. साल्हेर दहा सुतांहून थोडा वर, म्हणजे बरोबर. अस्तंबा हवा होता नऊ सुतांच्या आत. भरला पावणेबारा. पोरी, तीन सूत जास्त! मी दोनदा पट्टी बदलली. मग लक्षात आलं. साल्हेर सागाच्या तुकड्यातून तासलेला आहे. सातपुड्यापर्यंत आलो तेव्हा साग संपला होता, म्हणून तो भुसा आणि सरसाचा केला. तू पाच वर्षांची होतीस त्या पावसाळ्यात कौल सरकलं ते नेमकं त्याच कोपऱ्यावर. माझं माप चुकलं नव्हतं, भुसा फुगला. हे मी तुझ्या आईला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला गेलो तर भाकरी थापता थापता म्हणाली, “त्या डोंगरले सांगा.”

डोंगराला काय सांगू? तू सहा वर्षांची असताना लाइट गेली की तुला त्या प्लायपुढे बसवायचो. तू डोळे मिटून बोट फिरवायचीस. ही पांझरा, हे धुळं. ही गिरणा. इथे खड्डा, म्हणजे तापी. पूर्वेकडून सरकत सरकत बोट सुरतेपाशी फळीवरून खाली पडलं की ‘बुडाली!’ म्हणून ओरडायचीस. बाकीच्या पोरांनी भूगोल डोळ्यांनी वाचला, माझ्या पोरीने बोटांनी, याचा मला केवढा तोरा होता. आता वाटतं, डोळ्यांनी वाचलेलं पान निदान पावसात फुगत नाही.

कानशीने घासून अस्तंबा खाली उतरवला. वर नवा हिरवा रंग दिला, अजून ओला आहे. मग शेजारच्या सुमनबाईंकडून पाचवी ते दहावीची भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्राची पुस्तकं आणली. तुला तोंडी शिकवलेलं जे जे आठवतं ते एकेक ताडून बघतो आहे. अजून दुसरी चूक सापडलेली नाही. पण सापडत नाही म्हणून भीती कमी होत नाही, वाढतेच. मी सगळं स्वतः शिकलो असं छाती काढून सांगतो ना, त्याचा अर्थ मला काल पहिल्यांदा समजला. मला कोणी कधी तपासलंच नाही. सातवीनंतर एक पेपर नाही, एक तोंडी नाही, कोणी घंटा वाजवून ‘वेळ संपली’ म्हटलं नाही. रविवारी तू बसणार तो पेपर माझाही आहे, आणि कुंदा, त्या पेपरला मी तुझ्याहून जास्त घाबरलो आहे.

ज्या शाळेची ही परीक्षा, तिथे सामाजिक शास्त्रांची जागा एक. पात्रता परीक्षेत पहिली येईल तिला ती जागा, असं संस्थेने छापून दिलं आहे. तू क्लासच्या तिन्ही सराव परीक्षांत पहिली आलीस, हे मला तुझ्याकडून कळलं नाही. तू फक्त अस्तंब्याचं लिहिलंस. बापावर गेलीस, चूक तेवढी मोजतेस. तिन्ही वेळा पहिली आलीस हे मला दुसऱ्याच माणसाने सांगितलं, सोमवारी, वर्कशॉपवर. तेच लिहायला बसलो होतो. पण आधी बाकीचं लिहिलं.

सोमवारी दुपारी जीप थांबली. शिरपूरकडचे कापूसवाले रुपचंदशेठ, तुझ्या खोलीतल्या प्रमिलाचे वडील. ती तिन्ही वेळा दुसरी. अर्धवट झालेल्या बाकावर बसले, पाणी प्यायले, म्हणाले, “मिस्तरी, पोर तुमनी हुशार शे, हाई बठ्ठास्ले माहीत शे. म्हणून तर मी उनू.” तिन्ही सराव परीक्षांत तू पहिली, हे सगळ्यांना माहीत, म्हणूनच आले म्हणे. मग म्हणाले, पोर घाबरलीय म्हणे, रडते म्हणे, कशाला जिवाला त्रास? तुझं पत्र तोवर मला मिळालंही नव्हतं. (प्रमिलाला बोलू नकोस. तिने घरी सहज कळवलं असेल. तीही तुझ्यासारखीच घाबरलेली पोर.) पिशवी रंधा मारायच्या फळीवर ठेवली. मी नाही म्हणालो, पण आवाज असा बारीक निघाला की त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणालो.  जाताना जीपमधून म्हणाले, “धुळ्यात पोर एकटी शे, मिस्तरी.” बस्स, एवढंच. तेव्हापासून मी दाराला आतून कडी घालतो. आपलंच दार, मीच केलेलं, आणि रोज कडी हलवून बघतो.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्याच्या पहिल्या धुळे गाडीवर हिलाल कंडक्टर आहे, तो तुझ्या हातात देईल. शनिवारी सकाळी मी स्वतः येतो. तुला घरी यायचं असेल तर सोबत येऊ, एका शब्दाने बोलणार नाही. बसायचं असेल तर पेपर संपेपर्यंत केंद्राच्या फाटकासमोर बसून राहीन, ऊन असो की काही असो. ठरवायचं तू. पण ठरवण्याआधी एक गोष्ट तुला माहीत असावी, कारण माझ्या तोंडून तुझं कौतुक कधी निघालं नाही आणि आताही नीट निघत नाही. रुपचंदशेठना तुझा पेपर नको होता, तुझं नाव नको होतं. रविवारी तू त्या बाकावर नसावीस, एवढंच त्यांना हवं होतं. शनिवारच्या गाडीने तू जे फुकट देऊन टाकायला निघाली आहेस, त्याचे ते रोख पंचवीस हजार देत होते, आणि मी घेतले नाहीत.

तुझाच,
नाना